डाग आणि दाखला

अपराध केला, शिक्षा भोगली, सुटून घरी आला. मग तो मनुष्य मोकळा झाला की नाही? तोंडाने आपण चटकन् ‘झाला’ म्हणू. परंतु तोच दारात काम मागायला उभा राहिला की हळूच विचारतो, “हा आत जाऊन आलेला ना?” शिक्षेला मुदत असते, या प्रश्नाला मुदत नसते.

अमेरिकेत ही अडचण फार मोठी झाली. तेथे गुन्ह्याची नोंद पुष्कळ ठिकाणी कोणालाही पाहता येते, आणि ती पाहून नोकरी नाकारतात, भाड्याची जागा नाकारतात. म्हणून अनेक राज्यांनी कोर्टात अर्ज करून नोंद काढून घेण्याची वाट ठेवली आहे. मिशिगन राज्यात २०२१ पासून ही वाट रुंद झाली. गंभीर गुन्हा एकच असेल तर शिक्षा पुरी झाल्यावर ५ वर्षे थांबायचे, अधिक असतील तर ७ वर्षे. तीनपर्यंत गंभीर गुन्ह्यांसाठी अर्ज चालतो. ज्याला जन्मठेप होऊ शकते अशा गुन्ह्याला मात्र ही सवलत नाही. मारहाणीसारख्या गुन्ह्यात ज्याला इजा झाली त्याला कळवितात, आणि तो येऊन आपले म्हणणे मांडू शकतो. मधल्या वर्षांत हा मनुष्य कसा वागला, हे न्यायाधीश पाहतो.

कोणी म्हणेल, “खरा पश्चात्ताप झालेला असा अर्ज करीलच कशाला? डाग मुकाट्याने वागवावा. आणि पुढे कोणी ‘शिक्षा झाली होती काय?’ असे विचारल्यावर ‘नाही’ म्हणणे हे असत्य नव्हे काय?”

शंका रास्त आहे. पण बघा, कोर्ट पुसते तो दोषी ठरविल्याचा लेख. घडलेले कृत्य कोणाच्यानेही पुसवत नाही. कायद्याने लेख रद्द केल्यावर मालकाला तसे सांगण्यात लबाडी नाही. मात्र ज्याचे घर फोडले त्याच्यासमोर “मी काही केलेच नाही” म्हणाला, तर तो दुसरा अपराध झाला. तो कायदाही हे जाणतो. नोंद निघाली तरी नुकसानभरपाईचे देणे सुटत नाही, भरलेला दंड परत मिळत नाही, आणि पोलिसांजवळ एक प्रत राहतेच; ती सर्वांना खुली नसते, एवढेच.

म्हणजे आठवण ठेवणे हे करणाऱ्याचे काम, आणि विसरणे हे बाकीच्यांचे. आपण नेमके उलटे करतो. आपली चूक विसरतो आणि दुसऱ्याची गाठीला बांधून ठेवतो.

मिशिगन विद्यापीठातील दोन अभ्यासकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, त्या वेळच्या नियमांप्रमाणे पात्र असलेल्यांपैकी पाच वर्षांच्या आत नोंद निघाली ती शंभरात साडेसहा जणांचीच. ज्यांची निघाली त्यांची मिळकत वर्षभरात पाचव्या हिश्शाहून अधिक वाढली, आणि पुन्हा गुन्ह्याकडे वळलेले फार थोडे. मग बाकीचे का राहिले? कोणाला माहिती नाही, कोणाला खर्च झेपत नाही, कोणाला कचेरीची पायरी चढण्याची धास्ती. २०२३ पासून काही जुन्या नोंदी अर्जाशिवायच काढल्या जाऊ लागल्या, हे चांगले झाले. पडलेल्याला हात मागावा लागू नये. तो आपण होऊन द्यावा.

दिंडीत टाळ हाती देताना आपण कोणाचा दाखला मागत नाही. वारीहून घरी परतल्यावर, दारात उभ्या राहिलेल्या त्या मनुष्याला तरी तो का मागावा? ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.