दिलेलं झाड

परसातला लिंब वडिलांनी लावलेला. गेल्या साली त्याची एक मुळी नव्या भिंतीखाली घुसली आणि फरशी उचलली. पाला पाण्याच्या टाकीत पडायचा. पोरं म्हणाली, "आण्णा, आता काढा हे झाड." मशीनचा करवत घेऊन येणाऱ्याला विचारलं, तर त्यानं तोडायचे आणि उचलायचे मिळून असे पैसे सांगितले की मी गप्पच बसलो. मग गल्लीत सांगितलं, ज्याला सरपण पाहिजे त्यानं तोडून न्यावं, फुकट.

गल्लीच्या टोकाची एक बाई आली. नवरा नाही, एक पोरगा आहे. घरात उज्ज्वलाचा गॅस आहे, पण टाकी भरायला पैसे जमले तर, नाहीतर चूलच. मी म्हणलं, "ने बाई, पण चुलीलाच जाळ. इकायचं नाही." तिनं मान हलवली.

मायलेकांनी झाड पाडलं. शेंड्याला दोर बांधून, भिंतीला धक्का न लावता. फांद्या डोक्यावर वाहून नेल्या, परस झाडून दिलं. चौथ्या दिवशी बुंधा टेम्पोत भरून वखारीला गेला. मला कळलं आणि माझं डोकं फिरलं. तिच्या दारात जाऊन, चार माणसांदेखत बोललो. "गरीब म्हणून दिलं, तर धंदा मांडला?" असंही म्हणलं.

ती ओरडली नाही. म्हणाली, "आण्णा, बारक्या फांद्या चुलीलाच ठेवल्यात, बघा. बुंधा फोडायला माझ्या पोराच्या हातात बळ नाही. लेक बाळंतपणाला आलीया. सरपणानं दवाखाना होत नाही."

मी घरी आलो. राग लगेच गेला नाही. शब्द मोडला तो मोडलाच, असं मनाशी घोकत होतो. पण रात्री परसात बसलो, वर उघडं आभाळ दिसत होतं, आणि मनात हिशेब सुरू झाला. मी दिलं काय होतं? ते झाड मला नको होतं. ते काढायला मला पैसे मोजावे लागणार होते. ते माझे वाचले. दोन माणसं माझ्या परसात राबली, त्यांची हजेरी मी दिली नाही. वर आपण दान केल्यासारखा छाती काढून हिंडलो, आणि दिलेल्या लाकडावर पहारा ठेवला.

आमच्या लहानपणी सुताराचा व्यवहार वेगळा होता. बांधावरची बाभळ सुताराला दाखवायची. त्यातून तो नांगर, कुळव, गाडीचं सामान करून द्यायचा. खळ्यावर त्याचं बलुतं असायचं आणि निघालेल्या ढलप्याही त्याच्याच. त्या त्यानं चुलीत घातल्या का कुणाला दिल्या, हे वडिलांनी कधी विचारलेलं मला आठवत नाही. ढलपी त्याच्या कष्टातली होती, म्हणून त्याची.

आणि मग तो दिवस आठवला, जो आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारला चार मिनिटं कमी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून माणसं निजली होती. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर माळवदाची जड माती, सगळं झोपलेल्यांच्या अंगावर आलं. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं जमीनदोस्त झाली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद मिळून दहा हजारांच्या घरात माणसं गेली. वरून पाऊस. मढी जाळायला लाकूड पुरेना. पडलेल्या घरांच्याच तुळया आणि खांब सरणाला लागले. ज्या तुळईखाली माणूस मेला, तीच त्याच्या चितेवर.

माझ्या गोठ्यात तेव्हा बाभळीची लाकडं वाळत ठेवलेली होती. नवी गाडी करायची होती, तीन उन्हाळे ती राखली होती. ती सगळी जुन्या गाडीत घातली आणि सास्तूरला नेली. कुणीतरी म्हणलं, "तिकडं टाका." टाकली. कुणाच्या सरणाला गेली, ठाऊक नाही. मी विचारलं नाही, आणि लाकूड कुणाचं हे मलाही कुणी विचारलं नाही. घरी आल्यावर बायकोनं गाडीचं काय, असं एकदाच विचारलं. मी म्हणलं, पुढच्या साली बघू.

हे दोन्ही देणं शेजारी ठेवलं आणि माझी मलाच लाज वाटली. जे मला पाहिजे होतं, ते देताना मी एकही अट घातली नाही. जे नको होतं, ते देताना अट घातली. जुनी माणसं दान देताना हातावर पाणी सोडायची. पाणी सोडलं की आपला हक्क संपला. मी लिंबावर पाणी सोडलंच नव्हतं. झाड तिच्या दारात गेलं, पण मालकी मी माझ्या खिशात ठेवली होती.

म्हणजे विचारूच नये का? विचारावं, पण तोडायच्या आधी. चिंच किंवा आंबा तोडायचा तर 1964 च्या वृक्षतोडीच्या कायद्यानं परवानगी लागते. लिंबाला तो कायदा नाही, पण गल्ली होती. पाडव्याला सगळी गल्ली गुढीसाठी त्याचाच पाला न्यायची. 2016 च्या उन्हाळ्यात, लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या साली, बाया घागरी घेऊन टँकरची वाट बघत त्याच्याच सावलीत बसायच्या. त्यांना मी विचारलं नाही. जिथं विचारायचं तिथं गप्प बसलो, आणि जिथं गप्प बसायचं तिथं ओरडलो.

दुसऱ्या दिवशी तिच्याकडं गेलो. आदल्या दिवशी ऐकणारी चार माणसं आजूबाजूला होती, ते बरंच झालं. म्हणलं, "बाई, माझं चुकलं. झाड तुला दिलं होतं, तू त्याचं काय करायचं ते तुझं." आणि तीन दिवसांची हजेरी पुढं केली. मला वाटलं, ती नको नको म्हणेल. तिनं पैसे घेतले, मोजले आणि म्हणाली, "आण्णा, ही माझी झाली. पोराची?"

पोराचीही दिली. घरी आल्यावर थोरला म्हणाला, "मग फुकट दिलं कसं म्हणायचं? वखारीचे पैसे तिला, हजेरीपण तिलाच. आपण खड्ड्यात गेलो की."

मी म्हणलं, "झाड आज दिलं, असं समज."