परक्या कुशींत रडणारें लेकरूं

शास्त्रपाठ : रोमकरांस पत्र, अध्याय ८, वचन १५



दत्तक म्हटलें म्हणजे आपल्या मनापुढें कागद, सही व शिक्का उभा राहतो. शिक्का उमटला कीं मूल त्या मायबापांचें होतें, हें खरें. परंतु मायबाप मात्र त्या क्षणींच मुलाचे होत नाहींत. हें आम्हांस पुण्यांत एका परदेशी जोडप्याजवळ बसून शिकावें लागलें.

तीं दोघें दोन वर्षांच्या एका मुलीस नेण्यासाठीं आलीं होतीं. हेग येथें १९९३ सालीं झालेला करार भारतानें २००३ सालीं मान्य केला. मुलास आधीं स्वदेशांतच घर शोधावें, न मिळाल्यास मग परदेशीं द्यावें, असें त्यांत आहे. ती सारी चौकशी होऊन हुकूम मिळाला होता. व्हिसा हातीं येईपर्यंत तिघांस एका अतिथिगृहांत राहणें प्राप्त झालें, आणि भाषेच्या अडचणीमुळें आम्हांस बोलावणें आलें.

मुलगी दाराकडे पाहून “मावशी, मावशी” असा आक्रोश करीत होती. शिशुगृहांत जिनें तिला न्हाऊमाखू घातलें, तिला ती हांक होती. बापाजवळ ती थोडी निवळे. पण आईनें हात पुढें केला कीं अंग ताठ करी, भरविलेला घांस थुंकून टाकी. तिसऱ्या दिवशीं आई आम्हांस म्हणाली, “पाद्रीसाहेब, हिला मी नको आहें. आम्ही हिला हिच्या माणसांतून हिरावून तर नेत नाहीं ना?”

आम्ही उपदेशाचे शब्द जुळवीत होतों, इतक्यांत शिशुगृहांतून आलेली एक वयस्क बाई बोलली. ती म्हणाली, “रडूं द्या तिला. तिनें कोणावर तरी माया केली, म्हणून ती रडते. जिला माया करितां आली, तिला ती पुन्हां करितां येईल. जें लेकरूं कोणाही अनोळख्याकडे हंसत जातें, त्याचीच मला अधिक काळजी वाटते.” मग तिनें सांगितलें कीं, कांहीं आठवडे भरविणें, न्हाऊ घालणें व निजविणें हीं कामें आईबापांनींच करावीं, सवयीचा वरणभात द्यावा, जुनें पांघरूण धुऊं नये, कारण त्याचा वास तिच्या ओळखीचा आहे.

त्या माउलीनें शहर पाहण्याचा बेत सोडला. ती आमच्याकडून मराठी शब्द शिकली : पाणी, भात, ये, नको, आणि “मी आहें.” मुलीस न ओढतां ती जमिनीवर, हातभर अंतरावर, बसून राही. सहाव्या रात्रीं मुलगी जागी होऊन “मावशी” म्हणून रडूं लागली. आई अंधारांत म्हणाली, “मी आहें.” मुलगी कुशींत आली नाहीं, पण तिनें आईच्या बाहीचें टोंक मुठींत धरिलें व ती झोंपी गेली. सकाळीं ती पुन्हां रडली. तथापि आतां आईस त्या रडण्याचें भय उरलें नव्हतें.

वाचकहो, पौलाच्या पत्रांत दत्तकपणाचा शब्द पांच ठिकाणीं येतो, आणि आजच्या पाठांत तो देवास पिता म्हणून हांक मारण्याशीं जोडिला आहे. वारसा पहिल्या दिवशींच पूर्ण मिळतो. हांक मात्र हळूहळू ओठांवर येते. देवानें आपणांस आपलें म्हटलें, तरी संकटाच्या रात्रीं आपण जुन्या आधारांनाच हांका मारितों. तो त्या रडण्यास नकार समजत नाहीं. तो आपल्या भूमीवर उतरला, आपल्या भाषेत बोलला, आणि आपल्याजवळ बसून राहिला.

मावशीची आठवण हें पापही नव्हे. फारोच्या कन्येनें मोशेस पाण्यांतून काढिलें, पण दूध पाजण्यास त्याच्या जन्मदात्या आईसच ठेविलें. मूल वाढल्यावर मग तो तिचा पुत्र झाला. आणि पुढें तो आपल्या भाऊबंदांस विसरला नाहीं.

ही गोष्ट परदेशी लोकांचीच आहे असें समजूं नये. १८९० च्या कायद्यानें ख्रिस्ती मनुष्य अशा मुलाचा केवळ पालक होऊं शके. आज २०१५ च्या बालन्याय कायद्यान्वयें त्यास पुरता बाप होतां येतें. उद्यां आपल्याच मंडळींत असें लेकरूं येईल. तेव्हां पहिल्याच रविवारीं त्यास या मांडीवरून त्या मांडीवर फिरवूं नका. खाऊ देणें असेल तर तो आईच्या हातीं द्या. “ह्याची खरी आई कोण?” असें विचारूं नका, आणि त्यावर उपकार झाला असेंही त्याच्या कानांवर घालूं नका. आई थकली असेल तर तिच्या घरीं भाकरी पोंहचवा, तिचीं भांडीं घासा. परंतु लेकरास भरविणें तिच्याकडेच राहूं द्या.

ज्या पित्यानें आपल्या रडण्यापुढें इतका धीर धरिला, तो अशा प्रत्येक घरास आपला धीर देवो. आमेन.