पाचवीच्या पटावरची नावं

१९८७ साली गिरणगावातून दहावी झालेली मुलं आता पन्नाशी ओलांडून गेली आहेत. लालबाग-परळच्या शाळांत त्यांचे स्नेहमेळावे भरतात, जुन्या बाईंना शाल-श्रीफळ दिलं जातं, चाळीतल्या गणपतीच्या गप्पा रंगतात. हे व्हायलाच हवं. उतारवयाकडे झुकलेल्या माणसाला साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी सर्वाधिक येतात, असं मानसशास्त्रज्ञांना वारंवार आढळलं आहे. मात्र आठवताना माणूस घडलेलं नव्याने रचत असतो, हे फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच मांडलं. म्हणून एकट्याने आठवलेलं बालपण कच्चं राहतं. ‘नाही रे, तसं नव्हतं, मी तिथेच होते’ असं सांगणारी माणसं लागतात.

त्यातली कितीतरी माणसं मेळाव्याला नसतात, कारण आपण दहावीच्या यादीवरून बोलावतो.

ही मुलं पाचवीत होती तेव्हा, १८ जानेवारी १९८२ रोजी, गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. महिने उलटले, पगार नाही, वाण्याची उधारी थकली. कुणी बायकामुलांना कोकणात धाडलं, कुणी साताऱ्या-कोल्हापूरकडे. मुली आईबरोबर खानावळीच्या पोळ्या लाटायला बसल्या, मुलगे मिळेल त्या कामाला लागले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. वर्गात बाकं रिकामी झाली आणि उरलेली मुलं सरकून बसली. दहा-अकराव्या वर्षी त्याचा अर्थ कळणार नव्हता. आज तो कळतो, आणि तरीही आपल्या गप्पांत संप येतो तो वडिलांची गोष्ट म्हणून. शेजारी बसणाऱ्या मुलीचं पुढे काय झालं, हे कुणी विचारत नाही.

‘त्यांना अवघडल्यासारखं होईल,’ असं काही जण म्हणतात. मला हे पटत नाही. यायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. आपण परस्पर ठरवणं हा अन्याय आहे. अडचण वर्गणीची असेल, तर ती ऐपतीप्रमाणे बंद पाकिटात घ्यावी.

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये प्रत्येक मुलाच्या प्रवेशाची नोंद असते, शाळा सोडल्याची तारीखही असते. पुढच्या मेळाव्याआधी मुख्याध्यापकांना भेटा, पाचवीची सगळी नावं उतरवून घ्या, आणि गावी गेलेल्यांचा शोध आतापासूनच सुरू करा.