लेख छाप, पण आधी रात्रीची पाळी कर

लेख वाचला. चांगला उतरलाय. म्हणूनच डोकं फिरलं. ज्याला कळत नाही, त्याला समजावता येतं. तुला सगळं कळतं. तुला काय समजावू?

माणूस मुळातच परावलंबी आहे, असं पहिल्याच परिच्छेदात ठासून लिहिलंस. तत्त्वज्ञ मॅकिन्टायरचं १९९९ सालचं पुस्तक बरोबर हुडकलंस. त्याच वर्षी एव्हा किटेनं आपल्या अपंग लेकीला सांभाळण्याच्या अनुभवातून हेच मांडलं, तेही टिपलंस. एक कॅथलिक, दुसरी स्त्रीवादी, आणि दोघांचं म्हणणं एक. जोडणी पक्की आहे. आता सांग, तुझ्या भिलाईतल्या स्मृति नगरच्या घरात मागच्या खोलीत वडील अंथरुणाला खिळलेत. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागते. रात्री दोनला कोण उठतं? तुझी बायको. एवढ्या मोठ्या लेखात तिच्यासाठी एक ओळ नाही?

‘तिला सवय आहे.’ सवय काय माहेरहून आंदण आली होती? करून करून झाली. तुलाही होईल.

‘बाबांना माझा संकोच वाटतो.’ अस्सं? सुनेनं बेडपॅन लावलं तर चालतं, आणि पोटच्या पोराचा संकोच? संकोच तुला वाटतो, नाव त्यांचं पुढे करतोस.

‘मी कमावतो ना.’ बाबाही कमवतच होते. पहिल्या शिफ्टला सहाच्या आत प्लांटवर पोचायचं, म्हणजे क्वार्टरमध्ये चारला स्टोव्ह पेटायचा. पेटवायचं कोण? डबा कोण भरायचं? नाईट करून आलेला माणूस दुपारी झोपावा म्हणून तुम्हा पोरांना दाराबाहेर कोण गप्प बसवायचं? पगारपत्रकावर नाव मात्र एकाचंच. आईच्या कष्टांचा हिशेब तेव्हा कुणी ठेवला नाही, ते चुकलंच. पण आता एवढं वाचून तूही ठेवत नाहीस, ही लबाडी आहे.

१९८१ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी श्रमावर विश्वपत्र काढलं. घर आणि मुलं सांभाळणाऱ्या बायकांच्या कष्टांची कदर समाज करत नाही, कधी कधी घरचेही करत नाहीत, हे त्यात स्पष्ट आहे. ते तू उतरवलंस. पण त्याच पत्रात पुढे म्हटलंय की कुटुंबप्रमुखाला सगळं घर चालेल एवढा पगार मिळावा, किंवा घरी राहणाऱ्या आईला भत्ता मिळावा. स्त्रीवाद्यांनी नेमकं तिथं बोट ठेवलं. गौरव करता करता तिला चुलीपाशीच बसवलंत की! तू गौरव उचललास आणि आक्षेप तळटीपेत ढकललास. का? गौरवाला दमडी लागत नाही म्हणून. बायकोला चारचौघांत त्यागमूर्ती म्हणतोस, ऐकलंय मी. मूर्तीला हार घालतात, सुट्टी देत नाहीत.

स्त्रीवादाशीही तुझा हाच खेळ. घरकामाला वेतन द्या, ही १९७२ पासूनची मागणी तू जोरात मांडलीस. मग तुझ्याकडे कोहक्याहून जी बाई भांडी घासायला येते, तिच्या दोन खाड्यांचे पैसे कुणी कापले? सिस्टर जीन डेव्होस या बेल्जियमच्या ननवर पानभर लिहिलंस. त्यांनी १९८५ मध्ये मुंबईत घरकामगारांची चळवळ उभी केली. धर्मकार्य आणि बायकांचे हक्क वेगळे काढता येत नाहीत, हे त्यांनी करून दाखवलं. घरकामगारांसाठीच्या २०११ च्या आंतरराष्ट्रीय करारात आठवड्याला सलग चोवीस तास सुट्टी आहे, आणि भारतानं त्याला मंजुरी दिलेली नाही, म्हणून सरकारला झोडपलंस. बरोबर झोडपलंस. पण तुझ्या घरी सुट्टी द्यायला दिल्लीची सही कशाला लागते?

बेल्जियम सापडलं, दल्ली राजहरा नाही सापडलं? तिथल्या खनिजावर आपल्या पोलाद प्लांटच्या भट्ट्या चालल्या. तिथल्या खाणकामगार संघटनेची उपाध्यक्ष कुसुमबाई बाळंतपणात उपचारांअभावी गेली. त्या लोकांनी लेख नाही लिहिला. वर्गणी काढली, श्रमदान केलं आणि ३ जून १९८३ ला शहीद हॉस्पिटल सुरू केलं. त्या संघटनेचे नेते शंकर गुहा नियोगी यांच्या स्मृतिदिनाला तू दर सप्टेंबरला हळहळतोस. त्यांच्या माणसांनी काय केलं, ते मात्र सोयीनं विसरतोस.

२०२४ च्या सरकारी पाहणीचा आकडा ठळक छापलास. बिनपगारी घरकामात बायकांची दिवसाला २८९ मिनिटं, पुरुषांची ८८. ती ८८ सुद्धा ज्या पुरुषांनी घरात काही केलं, त्यांचीच सरासरी. तू त्या मोजणीत तरी येतोस का? स्वतःची मिनिटं लिहायला हात का थरथरला?

आणि हे सांभाळणं कुणासाठी चाललंय? तुलाही कुणीतरी न्हाऊमाखू घातलं, तेव्हा तू मोठा झालास. उद्या त्याच पलंगावर तू असशील, आणि तुझा मुलगा आज दारातून सगळं बघतोय. बाप व्याख्यान देतो आणि आई उठते, एवढं त्याला पाठ झालंय.

लेख छापू नको म्हणत नाही. छाप. पण आधी महिनाभर रात्रीची पाळी तुझी. रविवारी बाईला सुट्टी, पैसे न कापता, आणि त्या दिवसाची भांडीही तुझी. सेक्टर ९ च्या हॉस्पिटलची फेरी तुझी. फाईल कुठे आहे, गोळी जेवणाआधी की नंतर, हे बायकोला विचारायचं नाही. शोधायचं. तिनं शोधलंच होतं.

मग तोच लेख परत लिही. पहिला परिच्छेद जसाच्या तसा राहिला, तर माझ्याकडे आणू नकोस. आणि महिनाभर कुणी शाबासकी दिली नाही म्हणून फुगून बसू नकोस. तिला कुणी दिली होती?