निर्णय देव का घेत नाही?



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ६३.

दुसऱ्या अध्यायात अर्जुन विनवतो की माझ्या हिताचं काय ते नक्की सांग. सगळं ज्ञान देऊन झाल्यावर भगवंत या श्लोकात काय सांगतात? आता नीट विचार कर, आणि तुला पटेल ते कर. निर्णय पुन्हा अर्जुनाकडेच!

सध्या आमच्या घरी याच श्लोकाची परीक्षा चालू आहे. ताईच्या ब्रेस्ट कॅन्सरमध्ये काखेतल्या एका लिम्फ नोडपर्यंत आजार गेला होता. केमोनंतर ऑपरेशन झालं, तेव्हा काखेतल्या नोड्स स्वच्छ निघाल्या. स्तनाला रेडिएशन द्यायचं हे ठरलंय. नोड्सनाही द्यायचं का, हा प्रश्न आहे. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या केसमध्ये दोन्ही पर्याय योग्य आहेत. विचार करून सांगा."

आई म्हणते, गावी जाऊन देवीला कौल लावू. भावोजी म्हणतात, जे शक्य आहे ते सगळंच करून टाकू. दोघांच्या बोलण्यात माया आहे, आणि भीतीही.

अशाच सुमारे १६०० रुग्णांवर बी-५१ ही ट्रायल झाली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात, पाच वर्षांनी आजार न उलटलेल्यांचं प्रमाण नोड्सना रेडिएशन घेतलेल्यांत ९२.७ टक्के होतं, न घेतलेल्यांत ९१.८. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. उलट या रेडिएशनने हात सुजण्याचा धोका वाढू शकतो. मी हे सांगितल्यावर ताई म्हणाली, "टक्के सगळ्यांचे असतात रे. हात माझा एकटीचा आहे."

मला वाटतं, म्हणूनच निर्णय तिचा. सगळं करणं म्हणजेच प्रेम आणि नको म्हणणं म्हणजे हार, असं नसतं. विचार करून न करणं हेही कर्मच आहे. आणि शरणागती? "मला शरण ये" हे भगवंत ६६व्या श्लोकात सांगतात, "विचार कर" म्हटल्यानंतर. शरण जायचं ते विचार टाळायला नाही, तर निर्णयानंतरची चिंता त्याच्यावर सोपवायला.

मग आम्ही काय करायचं? सारथ्य. श्रीकृष्णांनी लगाम धरला, बाण अर्जुनानेच सोडले. आम्ही घरच्यांनी एक ठरवलंय: ताई काहीही ठरवो, पुढे काहीही होवो, "तेव्हाच सांगितलं होतं" हे वाक्य या घरात कुणीही उच्चारणार नाही.

आज स्वतःला विचारूया: आपल्या माणसाचा लगाम धरताना आपण त्याचं धनुष्य तर हिसकावत नाही ना?

श्रीकृष्णार्पणमस्तु.