नुसतं बसायला जागा

तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या मुलांचा दिवस दोन एसटी गाड्यांच्या मध्ये बसवलेला असतो. सकाळच्या गाडीने शेवगावात उतरायचं, दुपारपर्यंत तास उरकायचे आणि गावाकडची गाडी लागेपर्यंत वेळ काढायचा. बोधेगाव, बालमटाकळी, चापडगाव, घोटण, ढोरजळगाव, कुठूनही आलेला असो, हा मधला वेळ प्रत्येकाच्या वाट्याला येतो. पुण्यातल्या मुलाला दोन घटका निवांत बसायचं तर क्लास, ट्रॅफिक आणि असाइनमेंट यांतून वेळ चोरावा लागतो. इथे वेळ आयता मिळतो. तो घेऊन बसायचं कुठे, हा खरा प्रश्न.

खेड्यापाड्यातल्या पोरांना कसलं आलंय टेन्शन, मोकळी हवा आहे, शेत आहे, असं म्हणणारे भेटतात. ते बहुधा हुरड्यापुरते गावी येतात. शेतावर गेलेल्या मुलाला तिथे हिरवळ दिसत नाही, काम दिसतं. दिवाळीची सुटी म्हणजे कापूस वेचणी. वाळलेल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेला घुसतात, दोन दिवसांत बोटं अशी सोलवटतात की पेन धरताना ठणका लागतो. तालुक्याच्या पूर्व भागातून तर सणवार उरकले की टोळ्या ऊसतोडीला निघतात. आईबाप कारखान्यावरच्या कोपीत, आणि कॉलेजात शिकणारा मुलगा इकडे आजीजवळ. शेळ्या, आजीच्या बीपीच्या गोळ्या, रेशन आणि त्यातच केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल. घरी जाऊन आराम कर, हे त्याला सांगण्यात काही अर्थ नाही. घरी गेला की तो कामावर जातो.

ताण किरकोळ नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशभरातल्या 13,044 विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. त्यांतल्या 1,764 महाराष्ट्रातल्या, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. या आकड्यामागची कारणं अहवालाच्या रकान्यांत मावत नाहीत. अडकलेली शिष्यवृत्ती, राहिलेला विषय, निघता न निघणारी भरती, आणि मुलीच्या बाबतीत दुसरं वर्ष संपायच्या आत दारात येऊन बसलेलं स्थळ.

मग ही मुलं मोकळी होतात कुठे? अभ्यासिकेचं नाव सगळ्यात आधी निघतं. पंखा असतो, वायफाय असतं, महिन्याचे पैसे भरले की टेबल आपलं. पण तिथे शेजारच्या टेबलावर आपलंच टेन्शन दुसऱ्याच्या रूपात बसलेलं असतं. भिंतीवर निवड झालेल्यांचे फोटो आणि खाली मान घातलेली पंचवीस डोकी. जरा मागे रेलून छताकडे बघितलं तरी अपराधी वाटावं, अशी ती शांतता. मैदानाचंही तेच झालं आहे. पूर्वी संध्याकाळी क्रिकेट खेळून अंग मोकळं करायची ती जागा. आता पहाटेपासून भरतीवाली पोरं पळताना दिसतात. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धाव, म्हणून प्रत्येकाच्या हातात स्टॉपवॉच. पळण्याने मन हलकं होतं हे खरं, पण सेकंदावर गुण मिळायला लागले की पळणंही पेपर होऊन बसतं.

टपरी उरते, पण ती मुलांची. एका कटिंगवर तासभर उभं राहता येतं, गाडीच्या सीटवर आडवं होऊन रस्त्यावरची वाहनं मोजता येतात. कॅफे आलेत, पण पडदे लावलेल्या कोपऱ्यांनी आणि पोलिसांच्या छाप्यांनी जिल्ह्यात एकूणच कॅफे या प्रकाराला असं नाव मिळालं आहे, की साधी कॉफी प्यायला गेलेली मुलगीही घरी ते सांगत नाही. आणि मग मोबाइल. मुलं मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात म्हणून आपण गळा काढतो. मला वाटतं, त्यात रीलची मोहिनी निम्मीच. उरलेली गोष्ट अशी, की ‘इथे का बसलास, काय काम काढलंस’ असं कुणी विचारत नाही अशी गावातली ती एकमेव जागा आहे. तिथून कुणी उठवत नाही.

माणसाच्या मनाला जागा लागते, आणि ती कशी असावी याचा विचार शेवगावपासून फार लांब झालेला नाही. पस्तीस-चाळीस किलोमीटरवर नेवासे आहे. तिथल्या पैस खांबाशी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली अशी परंपरा आहे. तिचा सहावा अध्याय ध्यानयोगाचा. गीतेने तिथे ‘शुद्ध जागी आसन घालावं’ एवढंच सांगून काम भागवलं आहे. ज्ञानेश्वर मात्र त्या जागेपाशी रेंगाळतात. बसल्यावर उठावंसं वाटू नये अशी ती असावी. सहज वाटेने चाललेल्या पाखंड्यालाही इथे थांबावं असं वाटावं, चैनीत लोळणाऱ्या राजालाही राज्य नको व्हावं. पाणी भर पावसाळ्यातही नितळ, ऊन सौम्य, वारा मंद. मग आवाजाचा विषय निघतो आणि तिथे ते फार बारकाईने बोलतात. श्वापदांची वर्दळ नको, पोपट नको, भुंगे नकोत. पण पाण्याकाठी हंस असले, दोनचार सारस असले, तर चालतील. एखाद्या वेळी कोकीळ येऊन बसली तर बसू दे. मोरही नेहमीचा नसला तरी येऊन जाऊन असेल, तर आमची ना नाही. अशा ठिकाणी एखादा आडबाजूचा मठ किंवा शिवालय बघून बसावं.

पोपट नको आणि कोकीळ मात्र चालेल, यात मला गंमत वाटायची. पण नीट पाहिलं तर हा निवाडा नेमका आहे. पोपटांचा थवा आणि भुंग्याची भुणभुण आपल्याला लक्ष द्यायलाच लावतात. कधीमधी येणारी कोकीळ लक्ष मागत नाही, दिलं तर घेते. मिशिगन विद्यापीठातल्या रेचेल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने 1989 मध्ये निसर्गाच्या अनुभवावर पुस्तक लिहिलं, त्यात हेच वेगळ्या भाषेत मांडलं आहे. मुद्दाम एकाग्र केलेलं लक्ष थकतं. पानांची हालचाल, ढग, पाणी अशा हळुवार खिळवणाऱ्या गोष्टींसमोर ते विश्रांती घेतं आणि पुन्हा ताजं होतं. नुसतं झोपून किंवा रील बघून ते तसं होत नाही. सहा तास फिजिक्स वाचून ‘डोकं आउट झालं’ म्हणणाऱ्या मुलाला गरज असते ती या हळुवारपणाची.

तशी जागा शेवगावाजवळ नाही असं म्हणायची सोय नाही. पैठण रस्त्याला घोटण लागतं. तिथलं मल्लिकार्जुनाचं जुनं हेमाडपंती देऊळ उन्हाळ्यातही आत गार असतं. मंडपातले कोरीव खांब बघत बसावं, गाभारा खाली उतरून जायचा. ज्ञानेश्वरांनी सांगितलेलं शिवालय हवं असेल तर हे घ्या. शनिवार-रविवार सोडून दुपारी गेलात तर बहुधा गुरव आणि तुम्ही. त्याही पुढे नाथसागर, जायकवाडी धरणाचा जलाशय. जायकवाडी धरणाचं भूमिपूजन लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते 1965 मध्ये झालं, 1976 मध्ये इंदिरा गांधींनी लोकार्पण केलं, आणि गोदावरीच्या फुगवट्याने शेवगाव तालुक्याची उत्तरेची कड पाण्याला लागली. 1986 पासून हे पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात उथळ पाण्यात रोहित पक्षी उतरतात, हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब थव्याने बसतात. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात शेतकरी गाळपेर करतात. पुढे हरभऱ्याची हिरवी पट्टी आणि मागे क्षितिजापर्यंत पाणी, असं चित्र दिसतं. इथल्या काही मुलांच्या आजोबांची गावं याच पाण्याखाली आहेत. त्यांच्यासमोर या जागेचं ‘मस्त स्पॉट’ म्हणून कौतुक करताना जरा जपून. आणि पाण्यातही जपूनच: बॅकवॉटरचा काठ सपाट दिसतो, पण आत गाळ असतो आणि पाय रुतला की पोहता येणाऱ्यालाही सुटता येत नाही. काठावर बसायचं, आत उतरायचं नाही.

इथवर लिहिलेलं सगळं मुलांच्या उपयोगाचं. एका मोटारसायकलवर तिघं बसून ती घोटणला जातील, बॅकवॉटरला राउंड मारतील, संध्याकाळी घरी येऊन ‘मित्राकडे होतो’ म्हणतील आणि विषय संपेल. मुलींचं काय? पैशाची अडचण सरकारने बऱ्यापैकी दूर केली आहे. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत आहे, आणि 17 मार्च 2023 पासून महिलांना तिकीटच अर्धं. पैठणला जाऊन यायला आता फारसा खर्च नाही. पण ‘कशाला चाललीस?’ या प्रश्नात कसलीच सवलत मिळालेली नाही.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींचं ‘व्हाय लॉइटर?’ हे पुस्तक 2011 मध्ये आलं. ते मुंबईवर आहे. बाई रस्त्यावर दिसते ती कुठेतरी जाताना दिसते. हातात पिशवी किंवा कानाला फोन धरून, मला काम आहे हे ती सगळ्यांना दाखवत असते. बिनकामाचं रेंगाळण्याचा हक्क तिला हवा, असं लेखिकांचं म्हणणं. मुंबईत जे असं, ते शेवगावच्या स्टँडवर किती पटीने असेल? तिथल्या सिमेंटच्या बाकावर मुली बसतात तेव्हा सॅक मांडीवर घेऊन, एकमेकींना खेटून, एकच इअरफोन दोघींत वाटून. गाडी उशिरा येणार आहे हे ठाऊक असूनही डोळे फलाटाकडे. गाडीची वाट पाहणं हे त्यांचं तिथे बसण्याचं परवानापत्र आहे. ती गाडी येऊन गेल्यावर त्याच बाकावर त्या आणखी अर्धा तास बसल्या, तर संध्याकाळपर्यंत गावात बातमी पोचते.

या नियमाला वर्षातून एकदा सुटी असते आणि ती आपण सहसा विचारात घेत नाही. गावात हरिनाम सप्ताह बसला की सात-आठ दिवस रात्री दहा-अकरापर्यंत मुली मांडवात बसतात. बाजूला मैत्रिणी, पुढे टाळकरी, हातात काहीच काम नाही. कीर्तन ऐकलं तरी ठीक, आपापसांत कुजबुजलं तरी चालतं. कुणी विचारत नाही, कारण उत्तर मांडवावरच लिहिलेलं असतं. कीर्तनाने भक्ती किती वाढते ते जाणकार सांगतील. तरण्या मुलीला त्या मांडवात सगळ्यांच्या देखत, सुरक्षित आणि बिनकामाचं बसता येतं, एवढं मात्र मी बघितलं आहे. सप्ताहाला जे जमतं ते बाकीच्या एक्कावन्न आठवड्यांत कुणी तरी जमवायला हवं.

ते जमवू शकेल अशी संस्था तालुक्यात एकच दिसते, कॉलेज. त्याला कुंपण आहे, झाडं आहेत, शिपाई आहे, आणि ‘कॉलेजात होते’ हे उत्तर घरी चालतं. पण तास संपले की बहुतेक कॉलेजांना आवार रिकामं करायची घाई होते. विद्यार्थी म्हणजे शिस्तीचा प्रश्न, हा जुना समज अजून पक्का आहे. सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी, विशाखापट्टणम इथे कोचिंगसाठी राहिलेल्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात, 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायला सांगितलं. निर्देश चांगला आहे. त्याची अंमलबजावणी नावाची पाटी आणि एक केबिन एवढ्यावर संपू नये, इतकंच. त्या केबिनच्या दारात उभं राहायला हिंमत लागते, कारण कॉरिडॉरमधले सगळे बघत असतात. आधी झाडाखाली तासभर बसायची सवय झालेली मुलगी एखाद दिवशी त्या दारापर्यंत चालत जाईल. ज्यांना आजच, आत्ताच बोलायची गरज आहे त्यांच्यासाठी 14416 हा केंद्र सरकारच्या टेलि-मानसचा क्रमांक आहे. फोन मोफत, दिवसरात्र, आणि मराठीत बोलता येतं.

म्हणून तालुक्यातल्या प्राचार्यांना आणि संस्थाचालकांना एक विनंती. संध्याकाळच्या गाड्या सुटेपर्यंत आवाराचा एखादा भाग उघडा ठेवा. चार बाक ऑफिसकडे तोंड करून न ठेवता झाडांकडे तोंड करून ठेवा. तिथे सूचनाफलक नको, सीसीटीव्हीचा डोळा नको. मुलींचं स्वच्छतागृह तेवढा वेळ उघडं आणि पाणी असलेलं ठेवा. त्यावाचून कुठलीही मुलगी तीन तास कुठेच बसत नाही, आणि हे पुरुष प्राचार्यांच्या लक्षात येत नाही. वाचनालयातून परीक्षेत न येणारं एखादं पुस्तक तिथे नेऊ द्या. याला अनुदान लागत नाही, प्रस्ताव लागत नाही. एका शिपायाचे दोन-तीन जादा तास लागतात. नवीन वर्ष जूनमध्ये सुरू होतं. हे सगळं त्याच्या आत होण्यासारखं आहे.