पाहुण्याची बादली

कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला येणारा परगावचा माणूस बहुधा मिरज जंक्शनला उतरतो. कुणी मालाची ऑर्डर द्यायला आलेला असतो, कुणी बंद पडलेलं मशीन सुरू करून द्यायला, कुणी वसुलीला. मिरजेच्या दवाखान्यांत पेशंट घेऊन आलेले नातेवाईक वेगळे. सांगलीच्या गणपतीला, मिरजेच्या दर्ग्याला किंवा सतार-तंबोरा बघायला येणारे आणखी वेगळे. सगळ्यांना रात्रीपुरती खोली लागते. १९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एकच महापालिका झाली, त्यामुळे पाहुणा तिन्हींपैकी कुठेही उतरला तरी त्याच्या नळाला येणारं पाणी कृष्णेचंच.

‘पर्यावरणपूरक हॉटेल’ ही गोष्ट आता सगळीकडे ऐकू येते. मराठी वाचकाला तिचं पहिलं ठळक उदाहरण विठ्ठल कामत यांनी दाखवलं. मुंबई विमानतळाजवळचं त्यांचं ‘ऑर्किड’ १९९७ साली सुरू झालं आणि पर्यावरण जपणारं पंचतारांकित हॉटेल म्हणून नावाजलं गेलं. तिथल्या खोलीतल्या हिरव्या बटणाची गोष्ट मला फार आवडते. पाहुण्याने ते दाबलं की एसीचं तापमान दोन अंशांनी वाढतं. एसी एक अंश वर ठेवला तर साधारण सहा टक्के वीज वाचते, असं केंद्राचा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. पण मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की मालकाने यंत्रणा उभी केली आणि शेवटचं बोट पाहुण्याचं ठेवलं. पाहुण्यालाही कर्तव्य असतं, हे त्या बटणाने मान्य केलं.

आपल्याकडच्या लॉजवर असं बटण नसतं. तिथे बादली असते.

रिसेप्शनच्या मागे पाटी असते, ‘गरम पाणी सकाळी ६ ते ९’. गच्चीवर सोलर बसवलेला असतो, खोली दुसऱ्या मजल्यावर. तोटी सोडली की पाइपात रात्रभर साचलेलं गार पाणी आधी येतं, ऊन पाणी मागून. बहुतेक जण ते गार पाणी तसंच मोरीत जाऊ देतात. एखादा जुना मॅनेजर किल्ली देतानाच सांगतो, “पावणं, आधी बादली लावा, गरम यायला जरा वेळ लागतंय.” त्या बादलीतलं पाणी नंतर विसणाला उपयोगी पडतं, कपडे भिजवायला होतं, नाही तर संडासात ओतता येतं. हे सांगणारा मॅनेजर कुठलंही प्रमाणपत्र भिंतीवर लावत नाही, पण पाणी वाचवायची रीत त्याला ठाऊक असते.

पाणीपुरवठ्याच्या भारतीय मानकात घरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात. साध्या हॉटेलात एका खाटेमागे १८० आणि पंचतारांकित हॉटेलात ३२०. म्हणजे तोच माणूस घर सोडून हॉटेलात गेला की जास्त पाणी वापरणार, हे आपण हिशेबातच गृहीत धरलं आहे. का बरं? अंग तेवढंच, तहान तेवढीच. फरक इतकाच की बिल एकदा भरलं की पाणी आपलं झालं असं वाटतं. भाडं मात्र आपण खोलीचं भरतो. नदीचं भाडं कुणी घेत नाही.

पाण्याचं मोल या भागाने फार मोठ्या मनाने दाखवलं आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर कोरडं पडलं तेव्हा पाण्याची रेल्वे मिरजेहून निघाली. पहिल्या फेरीला दहा वाघिणी होत्या आणि पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली. ज्या स्टेशनातून ती ‘जलदूत’ गाडी गेली, त्याच स्टेशनाच्या आसपासच्या लॉजवर शॉवर सोडून फोनवर बोलत राहणं मला अनैतिक वाटतं. शब्द कडक आहे, पण तो मी विचार करून वापरतो आहे.

दुसरी बाजू मोरीची. नळाचं पाणी कुठून येतं हे निदान ठाऊक असतं; मोरीतलं कुठे जातं हे कुणी विचारत नाही. शेरीनाल्याचं सांडपाणी कृष्णेत मिसळतं ही सांगलीकरांची कित्येक वर्षांची तक्रार आहे, आणि कुपवाडची ड्रेनेज योजना हा महापालिकेत वर्षानुवर्षं गाजलेला विषय. सांगलीच्या खालच्या अंगाला नदीकाठी गावं आहेत, त्यांनाही हीच नदी पुरवायची आहे. रात्रीपुरता आलेला माणूस शाम्पूची पुडी फोडतो, साबणाची वडी एकदा वापरून टाकतो, पाण्याची बाटली अर्धी पिऊन ठेवतो आणि सकाळच्या गाडीने निघून जातो. त्याचा कचरा मात्र या गावात मुक्कामाला राहतो.

गाडगेबाबांनी पंढरपुरात, नाशिकला, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या. बाबा कुठल्याही गावात गेले की आधी खराटा हातात घ्यायचे, कीर्तन रात्री. गावात पाहुणा म्हणून आलेल्या माणसाने गाव झाडायचं, ही त्यांची रीत. आपण पैसे देऊन राहतो म्हणून ती आपल्याला लागू नाही, असं मला वाटत नाही.

आता मालकांशी दोन शब्द. ‘टॉवेल पुन्हा वापरा, पृथ्वी वाचवा’ अशी कार्डं मोठ्या हॉटेलांत दिसतात. अमेरिकेतले पर्यावरणवादी जे वेस्टरवेल्ड यांनी १९८६ मध्येच या कार्डांवर बोट ठेवलं होतं: टॉवेल कमी धुतला की धुलाईचा खर्च मालकाचा वाचतो, आणि बाकीचा कारभार जसाच्या तसा चालतो. आक्षेप रास्त आहे. टॉवेल मी दोन दिवस जरूर वापरीन. पण त्यातून वाचलेला पैसा गळक्या तोट्या बदलायला, ओला-सुका कचरा वेगळा करायला, आंघोळीचं पाणी शोषखड्ड्यात किंवा झाडांना सोडायला खर्च होतो का, हे विचारायचा हक्क मला आहे. आणि चादरी बदलणाऱ्या पोराचा पगार त्याच बचतीत कापला जात नाही ना, हेही.

खोली घेताना आपण एसी विचारतो, टीव्ही विचारतो, पार्किंग विचारतो. त्यातच एक प्रश्न घालावा: “तुमचं सांडपाणी कुठं जातं?” पहिल्यांदा मॅनेजर गोंधळेल. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं तर तो मालकाला विचारील, आणि मालकाला महापालिकेत जाऊन विचारावं लागेल.